मिरचीची छत्री

साध्या पाण्यावरच्या घेवड्याने माना टाकल्या होत्या. शेजारची आम्लपाण्याची रांग मात्र चार डागांवर निभावून नेत होती. संशोधक मटकन स्टुलावर बसली. आम्ल पावसाने पिकं खंगतात, हे तिला दाखवायचं होतं, आणि झालं होतं नेमकं उलटं. अकरा वाजता सर कुंड्या बघायला येणार होते. दोन वर्षांची मेहनत मातीत जाणार होती.

संशय सरळ माळीकाकांवर गेला. निळ्या झारीत छपरावरून पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी असायचं, लाल झारीत तिने नळाच्या पाण्यात आम्ल घालून मोजूनमापून केलेलं. घालायचे काका. लाल झारीवर त्यांचा राग होता. "मुक्या जिवाला आंबट पाजायचं म्हणजे पापच," असं ते तोंडावर म्हणायचे. दया येऊन त्यांनीच झाऱ्या बदलल्या असणार, दुसरं काय? तसा माणूसही जरा तऱ्हेवाईकच. दारातल्या आपल्या मिरचीवर त्यांनी काठीला छत्री बांधली होती, आणि तिला पाणी द्यायचे ते स्वतःच्या पिण्याच्या बाटलीतलं. सगळा विभाग त्यावर हसायचा. तीही.

नऊला काकांची पाणी घालायची वेळ. चोर रंगेहाथ पकडायचा म्हणून ती खताच्या पोत्यांआड दबा धरून बसली. काका आले. निळी झारी निळ्या खुणेच्या कुंड्यांना, लाल झारी लाल खुणेच्या. थेंबाची गडबड नाही. वर लाल रांगेची त्यांनी हात जोडून माफीही मागितली.

ती शरमून बाहेर आली. काही तरी बोलायचं म्हणून बोलली.

"काका, मिरचीला छत्री कशाला हो?"

"एकदा भिजली ताई, तर पानांवर हे असेच डाग पडले. आभाळाचं काही खरं नाही."

तिने कुंपणापलीकडच्या धुराड्यांकडे पाहिलं. लाल झारी ती रोज तपासायची, निळी एकदाही नाही. 'पावसाच्या पाण्याइतकं शुद्ध काही नसतं,' असं सरांनीच सांगितलं होतं. तिने तपासणीची पट्टी निळ्या झारीत बुडवली. आम्ल लाल झारीच्या दसपट निघालं.

अकरा वाजता सरांनी ती पट्टी उजेडात धरली. दुसरी बुडवली. तिसरी बुडवली.

"तुझा प्रबंध बुडाला नाही," ते अखेर म्हणाले. "मोठा झाला."

तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बाहेर भुरभुर सुरू झाली. सरांचा हात आपोआप टकलावर गेला.

"काका, ती छत्री जरा गाडीपर्यंत देता?"

"ती मिरचीची आहे, सर," काका म्हणाले. "तुम्ही आपले पळत जा."