सुई उचलायची राहिली

पियानोवादकाने दाराला आतून कडी घातली आणि स्वतःचीच बावीस वर्षांपूर्वीची रेकॉर्ड लावली. मग तो पियानोसमोर चोरासारखा बसला. बाहेर बायकोला वाटायला हवं होतं, की नवऱ्याचा सराव झोकात चालू आहे.

चार महिन्यांपूर्वी पियानोचं जड झाकण त्याच्या उजव्या हातावर पडलं होतं. पाडणारा तो स्वतःच, त्यामुळे शिव्या द्यायलाही कोणी मिळालं नाही. दोन बोटं मोडली. ती जुळली, डॉक्टरांनी पाठही थोपटली. पण आयुष्यभर टाळ्या घेतलेला हा माणूस आता पट्ट्यांना हात लावायला घाबरू लागला. येत्या रविवारी पुन्हा स्टेजवर जायचं होतं. वाजवणार की नाही, ते सभागृहाच्या व्यवस्थापकाला आज दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं. आज नाही म्हटलं तर पुन्हा कोणी बोलावणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सोंगही काही सोपं नव्हतं. रेकॉर्ड भरल्या सभागृहातली. शेवटचा सूर विरला की सहाशे माणसं टाळ्या पिटत, म्हणून त्याआधी झेप घालून सुई उचलावी लागे. शिवाय बायकोची खिडकीवरून ये-जा असायची. तिला दिसावं म्हणून पट्ट्यांवर बोटं फिरवत राहणं आलं. आवाज इतका मोठा ठेवलेला, की त्या दणदणाटात दुसरं काही ऐकू जाण्याची भीती नव्हती.

बायकोचं काम पियानोंचे सूर लावून देण्याचं. एखादी तार केसभर उतरली तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. अशा बाईला फसवायचं, म्हणून पहिल्या दिवशी तो जीव मुठीत धरून जेवायला बसला. ती म्हणाली, "बरं झालं आज." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "कालच्यापेक्षा बरं." तिसऱ्या दिवशीही तेच.

आधी त्याला हायसं वाटलं. मग डोक्यात किडा वळवळू लागला. रेकॉर्ड तीच, सूर तेच, मग कालच्यापेक्षा बरं कसं? म्हणजे ही न ऐकताच बोलते! आणि आत्ता न ऐकता बोलते, तर गेली तीस वर्षं काय करत होती? प्रत्येक कार्यक्रमानंतर तिच्या तोंडून एक 'बरं' निघावं म्हणून तो विंगेत धावत यायचा. वर्तमानपत्रातल्या कौतुकाची कात्रणं त्याने कधी जपली नाहीत, ते 'बरं' तेवढं जपलं होतं. त्याला फार वाईट वाटलं.

आज साडेअकरा वाजले तरी तो त्याच विचारात होता. नकार कळवायचा, हे मनाशी ठरलंच होतं. रागाच्या भरात तो पट्ट्यांवर बोटं आपटत सुटला आणि रेकॉर्ड कुठवर आली याचं भानच राहिलं नाही. अचानक खोलीत सहाशे माणसं टाळ्या वाजवू लागली. कोणीतरी शिट्टीही घातली.

त्याने धडपडत सुई उचलली, पण आता काय उपयोग! मान खाली घालून त्याने कडी काढली. बायको दारातच उभी होती. एका हातात तारा पिळायची किल्ली, दुसऱ्या हातात फोन.

"कळलं ना?" तो म्हणाला. "रेकॉर्ड होती. सोळा दिवस तुला बनवत होतो."

"ते पहिल्याच दिवशी कळलं. आपला पियानो मी लावते. सभागृहातला कुठला आणि घरातला कुठला, एवढं मला कळत नाही होय?"

तो उसळलाच. "मग रोज 'कालच्यापेक्षा बरं, कालच्यापेक्षा बरं' हे काय लावलं होतंस? रेकॉर्ड तर तीच होती!"

"रेकॉर्डचं कोण बोलतंय?" बायकोने फोन त्याच्या हातात कोंबला. "तिच्या आडून आपला पियानो वाजायचा, त्याचं म्हणत होते मी. पहिल्या आठवड्यात नुसता डावा हात होता. आणि आज, अहो, टाळ्या सुरू झाल्या तरी तुमचा उजवा वाजवतच होता."