आडवा फोटो

सी थामींच्या व्हायोलिनवर माहितीपट निघाला आणि त्याचं पोस्टर फेझमधल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी लागलं. बघते तर काय, पांढऱ्या पायघोळ जेलाब्यात सी थामी सपाट आडवे, डोळे मिटलेले! गल्लीत एकच रडारड झाली. तेही एकटे, मीही एकटी. अकरा वर्षं मी भिंतीपलीकडून त्यांचं व्हायोलिन ऐकत आले होते. साखरेची अख्खी ढेप उचलली आणि रडत रडत सगळ्या बायकांच्या पुढे त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

दार खुद्द सी थामींनीच उघडलं.

"तुम्हीपण पोस्टर बघून आलात ना, लल्ला झहूर?" ते करवादले. "आपण मोरोक्कोतले लोक व्हायोलिन मांडीवर उभं धरून वाजवतो, हे पोस्टर करणाऱ्या पॅरिसच्या त्या शहाण्याला कुठलं माहीत! त्याला वाटलं, फोटोच चुकीचा उभा केलाय. व्हायोलिन आडवं करायला गेला आणि मला झोपवलं!"

मग त्यांची नजर माझ्या हातातल्या ढेपेवर गेली आणि ते मिशीतल्या मिशीत हसले.

"पण लल्ला, अख्खी ढेप आणतात ती मयताच्या घरी, नाहीतर लग्नाची मागणी घालायला. आणि मी तर मेलेलो नाही."

मागच्या बायका डोळे पुसत पुढे सरकल्या.



"आणलेली साखर परत नेत नाहीत," मी म्हणाले आणि चपला काढून आत शिरले.