नातं नसल्याचा कागद

“या बाई तुमच्या कोण?” छाननी अधिकाऱ्यानं विचारलं.

“कोणी नाही,” धाकटी म्हणाली.

थोरलीनं हसू दाबलं. काय वठवतेय ही! खिडकीबाहेर तळ्यावर धुकं साचलं होतं. पलीकडचा काठ दिसतच नव्हता; होता तो पाण्यावर तरंगणारा करडा भास. खोलीतले आवाजही पाण्याखालून आल्यासारखे येत होते.

तळ्यावरच्या फेरीबोटीचा तीस वर्षांचा ठेका निघाला होता. वडिलांनी हयातभर चालवलेली फेरी. किमान दोन पात्र निविदा हव्यात, ही अट. एकच आली तर ठेका रद्द आणि फेरी बंद. या आडबाजूला दुसरं कोण बोली लावणार? म्हणून गेल्या महिन्यात थोरलीनं पलीकडच्या काठावर फोन लावला होता.

“तूही चारजण जमवून एक संघ उभा कर. कोणालाही मिळो, बोट आपलीच.”

अडचण एकच होती. दोन संघांत सख्खं नातं निघालं, तर दोन्ही बाद. नातं तोडल्याचं नोंदवलेलं प्रतिज्ञापत्र असेल, तरच सूट.

धाकटीनं फोनवर ती अट पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितली. मग म्हणाली, “कागदाचं मी बघते.”

तिचं असंच. बोलणं कमी, काम चोख. चार वर्षांपूर्वी वडील गेल्यापासून ती या काठावर फिरकली नव्हती. पण शाळेच्या नोकरीत सवड मिळते कुठे? थोरली मनातल्या मनात तिच्याशी रोज बोलायची. बोट वळवताना, दोर गुंडाळताना. धाकटीची उत्तरंही स्वतःच द्यायची, आणि ती नेहमी गोड असायची.

“आडनाव एकच दिसतंय,” अधिकारी म्हणाला.

“साहेब, आडनावावर गेलात तर निम्मं गाव बाद होईल,” थोरलीच्या संघातला मेकॅनिक म्हणाला. दोघंतिघं हसले.

“वडिलांचं नावही एकच आहे.”

हसू विरलं. थोरलीच्या मनात आलं: गेली फेरी.

धाकटीनं पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. “जन्मानं बहिणी होतो. आता नाही. त्यात सगळं लिहिलंय.”

अधिकाऱ्यानं कागद दोनदा वाचला, शिक्का उजेडात धरून पाहिला. “ठीक. दोन्ही संघ पात्र.”

काठाची गाठ सोडल्यावर बोट जशी आपोआप हलकी होते, तसं थोरलीला वाटलं. तिनं हळूच धाकटीकडे पाहून डोळा मिचकावला. धाकटी धुक्याकडे बघत होती.

“तुम्हीही वाचून सही करा, बाई,” म्हणत अधिकाऱ्यानं कागद पुढे सरकवला.

थोरलीनं पेन उचललं. महिन्याभरात एवढा पक्का कागद कसा काय मिळवला हिनं, या कौतुकात तिनं शिक्क्याखालची तारीख वाचली. चार वर्षांपूर्वीची होती.