पांढऱ्या ओट्यावरचा शुक्रवार

या, जरा पुढे सरकून बसा. दाराशी उभ्या आहात त्याही आत या. गोष्ट एका ओट्याची आहे आणि मी लांबण लावणार नाही.

"मनांग, ती बरणी आत आणलीस तर मी इथेच ओकेन!"

आरासेलीने नाकावर रुमाल दाबला. तिची थोरली बहीण लुडिंग बरणी पोटाशी धरून मागच्या दारात थबकली. बरणीत बगूंग होतं, वर्षभर मिठात मुरलेली मासळी. तपकिरी रस काठावरून ओघळला होता. त्यावर दोन माश्या बसल्या होत्या.

"अगं अडिंग, वांग्याबरोबर लागतं ना. पोथी गाणाऱ्या बायका दरवर्षी..."

"दरवर्षी तू त्यांना मागे बसवतेस. यंदा ओट्याशी बसतील. माणसासारख्या."

आमच्या इलोकोस प्रांतात थोरल्या बहिणीला मनांग आणि धाकटीला अडिंग म्हणतात. ही धाकटी सव्वीस वर्षं हवाई बेटांवर नर्स होती. निवृत्त होऊन घरी परतली आणि पहिल्याच महिन्यात तिने स्वयंपाकघराची भिंत पाडून मधोमध ओटा बांधून घेतला. चहूबाजूंनी मोकळा, पांढऱ्याशुभ्र दगडाचा, भोवती सहा उंच स्टुलं. आल्यागेल्याने तिथे बसावं, हसावं-बोलावं, ही तिची हौस. शिजवायचं मात्र तिथे काहीच नाही. शिजवणं मागे, पत्र्याखाली, लाकडाच्या चुलीवर. त्या जागेला आमच्याकडे सगळेच सरळ 'डर्टी किचन' म्हणतात. लुडिंगचा जन्म तिथे गेला. केसांना धूर, नखांना मासळी. ती जवळून गेली की आरासेली श्वास रोखून धरायची. ईस्टर झाला की ती चूलही पाडायची, असं तिने गवंड्याला सांगून ठेवलं होतं.

लुडिंगने एकच मागितलं. "पोथीवाल्यांना जेवू घालायचा आईचा नवस आहे, सेली. माझ्या चुलीवरचं वाढू दे त्यांना. यंदाचं एवढं."

"नको. तो धूर, त्या माश्या... मला शिसारी येते."

गुड फ्रायडेची दुपार होती. बाहेरच्या खोलीत कालपासून ख्रिस्ताच्या दुःखसहनाची पोथी गायली जात होती. संपेपर्यंत ते गाणं तुटू द्यायचं नसतं. एक गट जेवतो तेव्हा दुसरा गातो. काय ती आर्जवी चाल! दगडाला पाझर फुटावा. पहिला गट जेवायला उठला. ऐंशीच्या सेपाआजीला दोघींनी धरून स्टुलावर चढवलं. तिचे पाय अधांतरी लोंबत राहिले.

"उतरायला शिडी ठेवली आहेस ना गं?" आजीने विचारलं. बायका खुदखुदल्या.

आरासेलीने शहरातून मागवलेली सँडविचेस मांडली. त्रिकोणी, कडा कापलेली. आजीने घास घेतला. चावला. थांबली. मग तो तळहातावर काढून बघितला. गुलाबी.

"डुकराचं मांस! आज!"

घास पांढऱ्या दगडावर पडला. एक बाई तोंड दाबून मोरीकडे धावली. दुसरी बोटाने जीभ पुसू लागली. ज्या दिवशी मासळी चालते, पण गावातला दारुडासुद्धा मांसाला शिवत नाही, असा वर्षातला हा दिवस. आरासेलीने पाहुण्यांचा शुक्रवार लक्षात ठेवला होता. उपास विसरली होती.

"कुणी ठेवलं हे?"

आरासेलीने सँडविचेसची ताटली स्वतःपासून दूर सरकवली.

"मी," मागच्या दारातून लुडिंग म्हणाली. "ईस्टरसाठी होतं. डबा चुकला. म्हातारी झाले."

"चाळीस वर्षांत आमच्या पोटात आणखी काय काय घातलंस, देव जाणे!"

"त्या मागच्या घाणीत तिला दिसणार तरी काय!"

लुडिंगने मान खाली घातली आणि ओला फडका घेऊन दगड पुसायला लागली. आरासेली बघत राहिली.

बायका उपाशीच पोथीकडे परतल्या. घरच्या माणसाने एक तरी कडवं म्हणायचं असतं, म्हणून पोथी आरासेलीपुढे आली. कडवं ख्रिस्ताच्या शिष्याचं, पेत्राचं निघालं. पेत्र अंगणात शेकत बसला आहे. दासी विचारते, तू ख्रिस्ताबरोबरचाच ना? आणि पेत्र म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही.

पहिली ओळ तिने गायली. दुसरी अर्धी. पान धरलेल्या बोटांना अजून त्या गुलाबी मांसाचा वास होता. तिला किळस आली. धुराची, मासळीची कधी आली नव्हती एवढी.

गाणं तुटलं.

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

"ते मी ठेवलं होतं," आरासेली म्हणाली. "लुडिंगने नाही. मी."

सेपाआजीने तिच्या हातातून पोथी घेतली. मग म्हणाली, "तुटलं ते तुटलं. आता उचलायला कुणीतरी हवं. हाक मार तिला."

लुडिंग हात पुसत आली. "मी कशी बसू, आजी? माझा भात लागेल."

"भात मी बघते," आरासेली उठली. "आणि गवंड्याला येऊ नको म्हणून कळवते. मनांग, तू बस."

आजीने पोथी पुढे केली. लुडिंगने ती घेतली नाही. तिने डोळे मिटले आणि गाणं जिथे तुटलं होतं, तिथून उचललं. कोंबड्याची बांग, पेत्राचं रडणं, पुढचा सगळा क्रूसापर्यंतचा रस्ता. एकही शब्द चुकला नाही. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून तिला सगळी पोथी तोंडपाठ होती, आणि चाळीस वर्षांत कुणी तिला बसून गा म्हटलं नव्हतं.

तुमच्या पुढ्यात आयतं ताट येईल, तेव्हा ते करणारी जी आत राहिली असेल, तिची आठवण काढा. नाव ठाऊक नसलं, तर लुडिंग म्हणा.