चौथा किल्ला

"वर देऊळ नाही, पिठलं-भाकरी नाही, मग चढायचं कशाला गं?" जर्मनीतल्या चौथ्या किल्ल्याच्या पायरीवर हेमानं बसकण मारली. माझी बालमैत्रीण, कराडहून आलेली.

मी हसत कॉफी आणायला गेले. काल फक्त तिलाच सांगितलं होतं, की माहेरी सांगते तसं माझं ऑफिस नाही. मी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळी घालते. "गळ्याशपथ, कुणाला सांगणार नाही," म्हणाली होती.

परतले तेव्हा ती पाठमोरी, फोनवर माझ्या वहिनीला सांगत होती, "ऑफिस कसलं हो? तुमच्या नणंदबाई म्हाताऱ्यांची ढुंगणं धुतात इथे."

फोन ठेवून वळली आणि कप घेत म्हणाली, "इथे बरंय गं. कितीही मोठ्यानं बोला, कुणाला मराठी कळत नाही."

"मला कळतं," मी म्हटलं.

उतरताना तिचा पाय घसरला, तसा सवयीनं मी दंड धरला.