मार्चमधला इशारा

पश्चिम कॅन्ससच्या त्या सपाट, उघड्या गावात हवामानाचा अंदाज सांगणं हे वैदेहीचं काम. मागच्या आठवड्यात तिनं सांगितलेलं वादळ आलंच नाही. शाळा उगाच बंद राहिल्या आणि मुलांच्या आयाबापांनी फोन करकरून तिला नको नको ते ऐकवलं.

मार्चच्या त्या मंगळवारी तिनं पुन्हा ब्लिझर्डचा, म्हणजे जोरदार हिमवादळाचा, इशारा दिला. सकाळीच शाळांचा सुपरिंटेंडंट फोनवर उखडला, "आभाळात एक ढग नाही! तुमच्या नादी लागून मी पुन्हा हसं करून घेणार नाही. शाळेच्या बस सुटणार म्हणजे सुटणार."

"अहो, दुपारी समोरचं माणूस दिसणार नाही! मुलं अडकली तर जबाबदार कोण?" वैदेही ओरडली. त्यानं फोन आपटला.

अकराला वारा सुटला. बारा वाजता खिडकीबाहेरचा रस्ता बर्फात गडप झाला. तिनं शाळेत फोन लावला आणि क्लार्क बाईंवर कडाडली, "किती मुलं अडकलीत? खरा आकडा सांगा!"

"एकही नाही, मॅम. बस रिकाम्याच परत आल्या. आया म्हणाल्या, वैदेहीनं सांगितलंय, आज मुलं घरीच राहतील."

पलीकडे बाईंनी आवाज खाली आणला.



"अडकलेत ते फक्त आमचे सुपरिंटेंडंट साहेब. विचारतायत, हा वारा कधी थांबेल?"