स्वेन्याचं गाणं, जेनिनचं तोंड

"ही नवी पोरगी तुझ्यापेक्षा बरी गाते, नाही?"

ब्रिंकबाई आरशातून टीव्हीकडे बघत होत्या. स्वेन्या त्यांच्या मागे उभी राहून केसांच्या बटांना ब्लीच फासत होती आणि एकेक बट चांदीच्या कागदात गुंडाळत होती. जर्मनीतल्या बोट्रॉपमधलं तिच्या आईचं हे केशकर्तनालय. शनिवार असल्यामुळे टीव्हीवर पहिल्या दहा गाण्यांचा कार्यक्रम लागला होता. पहिल्या नंबरवर 'किर्शरोट' नावाच्या चार मुलींचं पहिलंवहिलं गाणं होतं. गाण्यात प्रेम, रात्र आणि पाऊस होता, म्हणजे काहीच कमी नव्हतं. मधोमध जेनिन नाचत होती.

"ती गात नाहीये," स्वेन्या म्हणाली. "तो माझा आवाज आहे."

"काहीतरीच! तोंड तर तिचं हलतंय."

"टीव्हीवर सगळ्यांची नुसती तोंडंच हलतात, ब्रिंकबाई. मागे रेकॉर्ड वाजते. रेकॉर्ड केली तेव्हा मी होते. बाजारात आली तेव्हा ही होती."

मधल्या काळात कंपनीने चौघींचे फोटो काढून घेतले होते. फोटो बघून असं ठरलं, की स्वेन्याचा आवाज पहिल्या नंबरचा आहे, पण कंबर पहिल्या दहातसुद्धा बसत नाही. आवाज ठेवला. कंबर घरी पाठवली.

"अगं, मग भांडायचं ना त्यांच्याशी."

"भांडले. मॅनेजर म्हणाला, आवाज कंपनीचा. घशाचं काय करायचं ते तुझं तू बघ."

"बोलायला मात्र हुशार आहे हो मेला," ब्रिंकबाई कौतुकाने म्हणाल्या. त्यांनी मान तिरकी करून पुन्हा टीव्हीकडे पाहिलं. "पण खरं सांगू? लोक काहीही बोलतात. आमच्या शेजारचा म्हणतो, मी शाल्केकडून फुटबॉल खेळलो असतो. गुडघा आडवा आला म्हणे."

कोपऱ्यात केस झाडत असलेल्या आईचा झाडू थांबला.

"मग गाऊन दाखव की," ब्रिंकबाई म्हणाल्या. "आत्ता कळेल."

स्वेन्याने ब्रश वाटीत ठेवला. टीव्हीवर ध्रुवपद सुरू झालं, तसं तिनेही सुरू केलं. तोच सूर, तोच श्वास, शेवटच्या ओळीवरची तीच बारीकशी थरथर. ती थरथर काढून टाका म्हणून कंपनीच्या माणसाने किती डोकं खाल्लं होतं, आणि आता अख्खा जर्मनी तेवढ्याचीच नक्कल करत फिरत होता. तिकडे जेनिनने तोंड मिटलं. इकडे स्वेन्याने मिटलं.

ब्रिंकबाईंनी डोळे मिटून सगळं ऐकलं होतं. मग त्यांनी निकाल दिला.

"चांगलं म्हणतेस गं. जवळजवळ तसंच. पण तिची सर नाही. तिच्या आवाजात ना, कसं सांगू... एक सडपातळपणा आहे."

स्वेन्याचे कान लाल झाले.

आईने झाडू भिंतीला टेकवला, खुंटीवरचा कोट काढला आणि ब्रिंकबाईंच्या पुढ्यात धरला.

"उठा."

"झालं एवढ्यात?"

"नाही झालं. उठा."

"गुड्रुन, डोक्याला ब्लीच आहे माझ्या!"

"मीच कालवलंय ते, मला माहितेय."

"अहो, मी तुमची इतक्या वर्षांची गिऱ्हाईक! पोरीला बरं वाटावं म्हणून काय आता खोटं बोलू?"

"नका बोलू. बाहेर जाऊन खरं बोला."

आईने त्यांना कोट चढवला, दंडाला धरून फुटपाथवर सोडलं आणि आत येऊन दार लावलं. ब्रिंकबाई काचेवर थापा मारू लागल्या. डोक्यावरचे चांदीचे कागद वाऱ्यावर फडफडत होते. बसथांब्यावरची माणसं वळून बघत होती. काचेपलीकडे त्यांचं तोंड सारखं उघडत होतं, मिटत होतं. आत एक शब्द येत नव्हता.

स्वेन्या बराच वेळ त्या तोंडाकडे बघत राहिली.

"आई, ब्लीच जास्त वेळ राहिलं तर केस तुटतात ना?"

"मुळापासून," आई म्हणाली आणि तिने दाराला आतून किल्ली फिरवली.